एल्फांच्या दुनियेत पहिलं पाऊल टाकताना

भावा, एल्फांचे, म्हणजे टोकदार कानांच्या त्या काल्पनिक जमातीचे व्हिडिओ गेम पहिल्यांदाच खेळतोयस ना? मग सगळ्यात आधी ते गेमच्या माहितीचं विकी बंद कर. नवीन पोरं तिथंच फसतात. देवांची नावं, युगांच्या सनावळ्या पाठ करत बसतात आणि गेममधलं गाव बघायचं राहून जातं.

पन्हाळ्यावर अंधारबावडी ही जुनी विहीर उतरताना कुणी सांगावं लागत नाही, वेढ्यात पाणी किती जपावं लागत असेल ते दगडच सांगतात. गेममध्येही तसंच बघायचं. ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ (२००९) शहरी एल्फ घेऊन सुरू कर. त्यातल्या डेनेरिम शहरात एल्फांची भिंतीआड कोंडलेली वस्ती आणि मधोमध एक मोठं झाड. राज्य गेलं, भाषा विसरली, पण झाड जपलंय. तिथं दोन मिनिटं थांब.

सगळे एल्फ एकाच साच्यातले समजू नकोस. ‘स्कायरिम’मधले (२०११) गुहेतले आंधळे फाल्मर राक्षस वाटतात, पण ते मूळचे हिम-एल्फ. नॉर्ड, म्हणजे तिथली माणसं, मागे लागली म्हणून त्यांनी जमिनीखाली राहणाऱ्या ड्वेमर जमातीकडे आसरा मागितला. ड्वेमरांनी विषारी बुरशी खायला घालून त्यांची नजर घेतली. आणि हे ड्वेमरसुद्धा एल्फच! हे कळल्यावर त्या गुहेत माझा हात तलवारीवर जड झाला होता.

सध्या एवढंच सांभाळ:
- संवाद स्किप करू नकोस.
- सापडलेलं पुस्तक वाच, पण लिहिणारा कुणाच्या बाजूचा ते आधी बघ.
- एका वेळी एकच गेम.

देवांची भांडणं, जुने शाप नंतर. वीसेक तास खेळून झालं की रंकाळ्यावर ये, निवांत बोलूया.