“ते मला हाकलून देतील, मॅडम”

माध्यम अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी माझ्याकडे आली ती झोप लागत नाही म्हणून. (तिची परवानगी घेऊनच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तिला ६ मिनिटांचा माहितीपट करायचा होता. विषय ठरला होता: पादचारी पुलाच्या जिन्याखाली व्हायोलिन वाजवणारे एक गृहस्थ. मुदत संपायला महिनाही उरला नव्हता आणि चित्रीकरण शून्य.

तिने वही काढली. तीन रंगांच्या पेनांनी लिहिलेले ४१ प्रश्न, कुठल्या वेळी ऊन कुठे पडतं याचा तक्ता, एवढंच नाही तर शेवटचं निवेदनसुद्धा तयार. “टाळ्या मिळत नाहीत, तरी ते वाजवत राहतात.” मी कौतुक केलं, आणि तिथे माझं चुकलं. कारण पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा प्रश्न ५६ झाले होते.

मग मी विचारलं, “त्यांचं नाव काय?”

तिला माहीत नव्हतं. तीन आठवडे ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. उलट, ते दिसू नयेत म्हणून पलीकडच्या जिन्याने चढायला लागली होती. हे सांगताना ती रडली.

अशी मुलं माझ्याकडे बरीच येतात. बाहेरून आळस किंवा टाळाटाळ वाटते, पण आत धास्ती असते. टाळलं की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, म्हणून पुन्हा टाळलं जातं, आणि भीती खोटी ठरायची संधीच मिळत नाही. नियोजन हे टाळण्याचं सगळ्यात प्रतिष्ठित रूप. कष्ट खरे असतात, त्यामुळे कुणी बोलतही नाही.

तिची भीती दुहेरी होती. एक, ते हाकलून देतील. दुसरी तिने फार हळू आवाजात सांगितली: “त्यांच्या गरिबीवर मी मार्क मिळवणार, हे बरोबर आहे का?”

पहिल्या भीतीबद्दल तिला एक प्रयोग सांगितला. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा बोन्स यांचा हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांकडून ५ प्रश्नावल्या भरून घ्यायच्या होत्या. त्यासाठी साधारण २० जणांना विचारावं लागेल असा विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १०च्या आसपास पुरले. समोरच्याला ‘नाही’ म्हणणं किती अवघड जातं, हे विचारणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पण हीच गोष्ट उलटीही लागू होते, हे मी तिला आवर्जून सांगितलं: भिडेखातर दिलेला होकार हा होकार नव्हे. म्हणून विचारतानाच नकाराची वाट मोकळी ठेवायची.

दुसऱ्या भीतीवर मी तिची समजूत घातली नाही. ती शंका योग्यच होती. फक्त उत्तर तिच्या वहीत नव्हतं, त्या माणसाकडे होतं.

आम्ही पायऱ्या ठरवल्या. पहिल्या दिवशी नेहमीच्या जिन्याने जायचं, एक धून पूर्ण ऐकायची आणि निघायचं. दुसऱ्या दिवशी नमस्कार. तिसऱ्या दिवशी, कॅमेरा न नेता, वाजवणं थांबल्यावर विचारायचं: “काका, मी विद्यार्थिनी आहे. तुमच्यावर छोटी फिल्म करायची इच्छा आहे. आज उत्तर नको, आणि नको असेल तर तसं सांगा, मला वाईट वाटणार नाही.” हे वाक्य तिने माझ्यासमोर सात-आठ वेळा म्हटलं. जाण्याआधी अंदाज लिहिला: हाकलून देण्याची शक्यता ८० टक्के.

काकांनी हाकललं नाही. त्यांनीच दोन प्रश्न विचारले. कुठे दाखवणार? आणि नेटवर जाणार का? आपण रस्त्यावर वाजवतो हे त्यांच्या घरी माहीत नव्हतं. चेहरा नको, नाव नको. हात आणि आवाज चालेल.

५६ प्रश्नांत हा प्रश्नच नव्हता. तिने ते निवेदन स्वतःच खोडलं.

पुढची तयारी मात्र झपाट्याने झाली, आणि तीही त्यांना विचारून. एक धून सलग, न थांबता ध्वनिमुद्रित करायची. तीच धून पुन्हा वाजवायला सांगून बोटं, गज, उघडी पेटी टिपायची आणि आवाज पहिल्याच वेळचा ठेवायचा, कारण दोन वेळची लय कधीच तंतोतंत जुळत नाही. बोलणं रहदारीपासून दूर. धून पारंपरिक, म्हणजे गाण्याच्या हक्कांचा प्रश्न नको. पैशांबाबत माहितीपट करणाऱ्यांत दोन मतं आहेत. माझं मत मी सांगितलं: उत्तरांचे पैसे देऊ नकोस, पण तुझ्यामुळे वाजवणं थांबलं तर त्या वेळेची भरपाई आधी बोलून ठरव. आणि “तुम्हाला प्रसिद्धी मिळेल” असं चुकूनही म्हणू नकोस.

कच्चं संकलन तिने त्यांना फोनवर दाखवलं. स्वतःच्या मुलीबद्दल बोलता बोलता काकांचा आवाज अडकतो, गज हवेतच थांबतो, अशी एक जागा होती. तिच्या मते फिल्मचा प्राण. काका म्हणाले, “एवढं काढशील का, बेटा?”

तिने काढलं. मग माझ्याकडे येऊन बराच वेळ गप्प बसली. फिल्म ५ मिनिटं ४० सेकंदांची झाली होती, आणि त्या गेलेल्या २० सेकंदांवर आम्ही पूर्ण तासभर बोललो.