डेबियनच्या मिररसाठी कोणते साधन?

प्रश्न : महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी डेबियन या लिनक्स प्रणालीच्या पॅकेज-संग्रहाचा स्थानिक मिरर (हुबेहूब प्रत) ठेवायचा आहे. दोन ठिकाणच्या फाइली जुळवणारे साधे आरसिंक पुरेल का?

उत्तर : संपूर्ण संग्रह हवा असेल, तर डेबियनचीच एफटीपीसिंक ही स्क्रिप्ट घ्यावी. आतून तीही आरसिंकच चालवते. मात्र आधी ‘पूल’ या फोल्डरमधील पॅकेजेस आणते आणि ‘डिस्ट्स’ या फोल्डरमधील पॅकेजांची सूची बदलून जुन्या फाइली काढण्याचे काम दुसऱ्या फेरीत करते, त्यामुळे सूचीत नाव आहे पण फाइल नाही, अशी अवस्था येऊन पॅकेजेस बसवणारे अ‍ॅप्ट अडत नाही. केवळ बदललेला भाग पाठवण्याची आरसिंकची ख्याती येथे फारशी कामी येत नाही, कारण पॅकेजची नवी आवृत्ती नव्या नावाच्या कॉम्प्रेस्ड फाइलमधून येते. अर्थात सारी यंत्रे एएमडी64 (इंटेल वा एएमडीचे 64-बिट प्रोसेसर) प्रकारची असतील, तर टेराबाइटांचा हा पसारा हवाच कशाला? डेबमिरर या निवडक मिरर करणाऱ्या साधनाला आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार) व डेबियनची आवृत्ती नेमून द्यावी. तेवढेच ते उतरवते आणि जीपीजी स्वाक्षरीही (खरेपणाची डिजिटल खूण) पडताळते.