वाचकांचे प्रश्न : लान्चिया फुल्विया कूपेचे इंजिन

प्रश्न : लान्चिया या इटालियन कंपनीच्या फुल्विया कूपे या जुन्या गाडीच्या माहितीत इंजिन ‘व्ही-4’ (चार सिलेंडर, व्हीच्या आकारातल्या दोन रांगांत) असल्याचे छापलेले असते, पण बॉनेट उघडलेल्या छायाचित्रात मला एकच हेड (सिलेंडरांवरचे झाकण) दिसले. व्ही इंजिनाला दोन हेड असतात असे शिकलो आहे. मग हे इंजिन व्ही म्हणायचे की सरळ रांगेतले?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपले निरीक्षण अगदी अचूक आहे आणि या गाडीचे खरे वैशिष्ट्य नेमके त्यातच आहे. इंजिन व्ही-4च आहे, मात्र त्याच्या दोन रांगांमधला कोन जेमतेम 13 अंशांचा आहे. त्याच काळात साब 96 मध्ये बसवले जाणारे फोर्डचे व्ही-4 इंजिन 60 अंशांचे होते. रांगा इतक्या फाकल्या की प्रत्येकीला वेगळे हेड द्यावेच लागते. फुल्वियात दोन्ही रांगा एकमेकींना इतक्या खेटून, आणि सिलेंडर नागमोडी क्रमाने एकाआड एक असे बसवले आहेत, की चारही सिलेंडरांची तोंडे एका सपाट पृष्ठभागावर येतात आणि ॲल्युमिनियमचे एकच हेड सर्वांना पुरते. त्या हेडमध्ये दोन कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, आहेत. एक चारही सिलेंडरांचे इनटेक (आत घेणारे) व्हॉल्व्ह उघडतो, दुसरा चारही एक्झॉस्ट (बाहेर सोडणारे) व्हॉल्व्ह. म्हणजे हेडची रचना सरळ रांगेतल्या इंजिनासारखी आणि ब्लॉकची व्हीसारखी. दोन हेड असलेल्या व्ही इंजिनात असे करायला चार कॅमशाफ्ट लागले असते.

एवढा खटाटोप कशासाठी, तर लांबी वाचवण्यासाठी. सिलेंडर एकमेकांच्या फटीत सरकल्यामुळे ब्लॉक आखूड होतो, क्रँकशाफ्टही (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) आखूड आणि ताठ राहतो, आणि त्याला तीनच मुख्य बेअरिंग पुरतात. ही गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे. तिचे इंजिन पुढच्या ॲक्सलच्याही पुढे, गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असून गिअरबॉक्स त्याच्या मागे आहे. तिथे सरळ रांगेतले लांब इंजिन ठेवले असते, तर गाडीचे नाक फार पुढे गेले असते. शिवाय हे इंजिन 45 अंशांत एका बाजूला कलते केलेले आहे, म्हणूनच गाडीचे डिझायनर पिएरो कास्तान्येरो यांना त्या कूपेचे बॉनेट इतके खाली आणता आले. गाडीच्या देखणेपणाचे श्रेय त्यांना सगळेच देतात, पण इंजिनाचा आराखडा करणारे एत्तोरे झाक्कोने मिना यांचे नाव क्वचितच घेतले जाते, याची मला मनापासून खंत वाटते.

ही कल्पना लान्चियाच्या घरचीच. कंपनीचे संस्थापक व्हिन्चेन्झो लान्चिया यांच्या 1922च्या लाम्ब्दा गाडीतही अरुंद कोनाचेच व्ही-4 इंजिन होते. पुढे 1991 मध्ये फोक्सवागनने 15 अंशांचे सहा सिलेंडरांचे व्हीआर-6 इंजिन आणले, तेही एका हेडचेच.

प्रश्न : फुल्वियाची 1.2, 1.3 आणि 1.6 अशी इंजिने सांगतात. त्यांच्यात फरक केवळ आकाराचा आहे का? आमच्या घरी 1089 सीसीची प्रीमिअर पद्मिनी होती, म्हणून तुलना करण्याची उत्सुकता आहे.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : तुलना आपण समजता त्याहून जवळची आहे. 1963 मध्ये फुल्विया प्रथम आली ती चार दारांची, 1091 सीसीची. म्हणजे पद्मिनीच्या इंजिनाएवढीच. पद्मिनीच्या पुशरॉड (लांब काड्यांनी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या) इंजिनाची ताकद सुमारे 40 अश्वशक्ती होती, फुल्वियाची 58. दोन कॅमशाफ्टचे ते हेड काय करते, हे या दोन आकड्यांवरून कळते.

कूपे 1965 मध्ये आली. तिचे 1216 सीसीचे इंजिन (बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास, 76 मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 67) 80 अश्वशक्ती देत असे. 1967च्या ‘राली 1.3’मध्ये ते 1298 सीसीचे झाले (77 आणि 69.7) व ताकद 87 वर गेली, त्यानंतरच्या ‘1.3 एस’मध्ये ती 90च्या आसपास होती, तर शर्यतीसाठीच्या, हलक्या बांधणीच्या 1.3 एचएफमध्ये 101. 1.6 एचएफचे इंजिन 1584 सीसीचे (82 आणि 75), 115 अश्वशक्तीचे.

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र कोनात आहे. पहिल्या इंजिनांचा कोन 12 अंश 53 मिनिटे (एका अंशाची 60 मिनिटे) होता, 1298 सीसीच्या वेळी तो 12 अंश 45 मिनिटे झाला आणि 1.6 साठी 11 अंश 20 मिनिटांवर आणावा लागला. बोअर आणि स्ट्रोक दोन्ही वाढले की अशा दाटीवाटीच्या ब्लॉकमध्ये जागेचा मेळ नव्याने घालावा लागतो, त्यामुळे केवळ सिलेंडर कोरून मोठे करणे शक्य नव्हते. म्हणून 1.6 हे जुन्या इंजिनाचे फुगवलेले रूप नसून बऱ्याच अंशी नवे इंजिन आहे. रॅलीपटू सान्द्रो मुनारी आणि मारिओ मान्नुच्ची यांनी 1972 ची माँटे कार्लो रॅली जिंकली ती याच इंजिनाच्या बळावर. मागच्या टोकाला इंजिन असलेल्या पोर्शे 911 आणि आल्पिन ए-110 यांच्याविरुद्ध ताकदीत उणी असलेली ही गाडी टिकली, यात पुढच्या चाकांवर पडणाऱ्या इंजिनाच्या वजनाचा वाटा मोठा होता. बर्फात चाकांना पकड मिळते ती वजनामुळेच.

तरीही रोजच्या रस्त्यासाठी मला विचाराल, तर मी 1970 नंतरच्या, पाच गिअरच्या 1.3 एसला पसंती देईन. 1.6 एचएफचे 42 मिलिमीटरचे सोलेक्स कार्ब्युरेटर (इंधन आणि हवा मिसळणारे भाग) मोकळ्या रस्त्यावर जितके खुलतात, तितकेच ते शहरातल्या संथ रहदारीत कुरकुरतात.

प्रश्न : मी म्युनिकला राहतो. येथे एक गाडी 1.6 एचएफ म्हणून विक्रीला आहे, पण मूळची ती 1.3 एस असावी अशी शंका येते. काय तपासावे?
– एक वाचक, म्युनिक

उत्तर : बिल्ला आणि रंगाचे पट्टे यांवर मुळीच जाऊ नये; ते कोणालाही लावता येतात. चासी क्रमांक पाहावा. सुरुवातीच्या 1.6 एचएफचा क्रमांक 818.540 ने सुरू होतो, त्या वेळच्या 1.3 एसचा 818.360 ने. आतल्या बाजूचे दोन दिवे मोठे असणे ही सुरुवातीच्या एचएफची ओळख खरी, पण दिवेही बदलता येतात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाडी लिफ्टवर घेऊन खालून पाहावी. इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचे सस्पेन्शन हे सारे एका वेगळ्या सबफ्रेमवर, म्हणजे आधाराच्या सांगाड्यावर, बसवलेले असते आणि ती सबफ्रेम बोल्टांनी बॉडीला जोडलेली असते. मागच्या बाजूला ती जिथे बॉडीला मिळते तिथे गंज धरतो आणि वरून रंग मारला की तो दिसत नाही. त्या जागी पेचकसाच्या टोकाने दाबून पाहण्याची परवानगी विक्रेत्याकडे मागावी. ती तो नाकारत असेल, तर क्रमांक अस्सल असला तरी ती गाडी घेऊ नये.