वाचकांचे प्रश्न : पीएच.डी. चालू असतानाच पुढचं आखायचं, ते कसं?

प्रश्न : वनस्पतिशास्त्रात पीएच.डी.चं तिसरं वर्ष सुरू आहे. सेट (राज्य पातळीवरची अध्यापक पात्रता परीक्षा) झाली आहे, दोन शोधनिबंध छापून आलेत. सहायक प्राध्यापक व्हायचं तर अजून चार-पाच निबंध हवेत, असं गाइड सर म्हणतात. खरंच इतके लागतात का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

ते तुम्हाला महाविद्यालयात जायचंय की विद्यापीठाच्या विभागात, यावर ठरतं. मुलाखतीला कोणाला बोलवायचं हे ठरवण्यासाठी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018च्या नियमावलीत दोन वेगळे तक्ते आहेत, दोन्ही 100 गुणांचे. निबंधाला दोन्हीकडे 2 गुण मिळतात, पण कमाल मर्यादा विद्यापीठात 10 आणि महाविद्यालयात फक्त 6 आहे. म्हणजे महाविद्यालयासाठी चौथ्या निबंधापासून पुढे तक्त्यात शून्य.

पदवीला 68 टक्के, पदव्युत्तरला 64 टक्के आणि हातात पीएच.डी. असं धरून बेरीज करू. महाविद्यालयाच्या तक्त्यात पदवीचे 19, पदव्युत्तरचे 23, पीएच.डी.चे 25, सेटचे 5, दोन निबंधांचे 4, एकूण 76. विद्यापीठाच्या तक्त्यात त्याच क्रमाने 13, 23, 30, 3 आणि 4, एकूण 73. आता वाढ कुठून होईल ते बघा. सेटऐवजी नेट (राष्ट्रीय पातळीवरची पात्रता परीक्षा) असेल तर महाविद्यालयात 5चे 8 होतात आणि जेआरएफ (नेटमधूनच मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) असेल तर 10. विद्यापीठात 3चे 5, जेआरएफला 7. अध्यापनाच्या किंवा पोस्टडॉकच्या (पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या) प्रत्येक वर्षाला 2 गुण, कमाल 10. महाविद्यालयाच्या रांगेत एक नेट ही दीड निबंधाच्या बरोबरीची आहे, आणि तुमचा तिसरा निबंध झाला की निबंधांचा रकाना भरला.

म्हणून आमचा सल्ला : तिसरा निबंध चांगल्या नियतकालिकात द्या, त्याच वर्षी सीएसआयआर-नेटची (विज्ञान विषयांच्या नेटची) जीवशास्त्राची परीक्षा द्या आणि उरलेला वेळ प्रबंधाला. जेआरएफसाठी वयोमर्यादा 30 आहे, स्त्रियांना 5 वर्षांची सवलत मिळते. केवळ सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला वयाची अट नाही. शिवाय सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरती चालते, नेट देशभर. विद्यापीठातच जायचं पक्कं असेल तर पाच निबंधांचं लक्ष्य रास्त आहे, आणि मुलाखतीत तुमच्या संशोधनावरच प्रश्न येतात, तेव्हा गाइड सरांचं म्हणणं अगदीच मोडीत काढू नका.

एक काळजी घ्या. निवडीची पद्धत राज्य शासन आणि विद्यापीठं बदलत असतात आणि जानेवारी 2025मध्ये यूजीसीने नव्या नियमांचा मसुदाही प्रसिद्ध केला. त्यामुळे प्रत्येक जाहिरातीसोबतचा तक्ता पाहूनच बेरीज करा. बिंदुनामावलीनुसार (आरक्षणाप्रमाणे पदांचा क्रम लावणाऱ्या यादीनुसार) पद कोणत्या प्रवर्गाचं आहे तेही तिथेच कळतं. ते न बघता अर्ज करणारे अनेक जण छाननीतच बाद होतात.

प्रश्न : केअर यादी बंद झाल्यावर निबंध कुठे पाठवायचा? रोज कोणाचं ना कोणाचं आमंत्रण येतं. (वाचक, कोल्हापूर)

केअर म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या नियतकालिकांची यादी. ती फेब्रुवारी 2025मध्ये बंद झाली. त्याजागी यूजीसीने निकष सुचवले आहेत आणि निवडीची जबाबदारी लेखक व संस्थेवर आली आहे. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांना ही मोकळीक फार सोयीची पडली आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आयएसएसएन क्रमांक हा फक्त नोंदणीचा क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. तो अधिकृत पोर्टलवर टाकून नियतकालिकाचं नाव, प्रकाशक आणि संकेतस्थळ जुळतं का बघा. चांगल्या नियतकालिकाच्या नावाने बनावट संकेतस्थळ काढून पैसे उकळण्याचे प्रकार सर्रास होतात. मग मागच्या दोन वर्षांचे अंक उघडा. एकाच अंकात संस्कृत, वाणिज्य आणि मृदाशास्त्र एकत्र दिसलं, किंवा एका अंकात दीड-दोनशे लेख असले, तर तिथे पाठवू नका. संपादक मंडळातल्या दोघांच्या विद्यापीठाच्या पानावर त्या नियतकालिकाचा उल्लेख आहे का, तेही तपासा. दोन दिवसांत ‘स्वीकृत’ असं पत्र आणि सोबत शुल्काचा क्यूआर कोड आला, तर परीक्षण झालेलंच नाही.

एकदिवसीय चर्चासत्राच्या विशेषांकात किंवा आयएसबीएन (पुस्तकाचा नोंदणी क्रमांक) असलेल्या संग्रहात लेख देण्याची आपल्याकडे सवय आहे. असा लेख समितीपुढे परीक्षित निबंध म्हणून टिकेलच असं नाही, त्यामुळे मुख्य काम तिथे खर्ची घालू नका.

केअर यादी चालू असताना छापलेला निबंध असेल तर त्या काळी ते नियतकालिक यादीत होतं याचा पुरावा तारखेसह जपून ठेवा.

प्रश्न : दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. हा अनुभव धरतात का? (वाचक, नांदेड)

नियम मोघम नाही. आधीची सेवा मोजताना त्या पदासाठी लागणारी पात्रता तेव्हा तुमच्याकडे होती का, निवड रीतसर निवड समितीमार्फत झाली का आणि वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक एकूण वेतनापेक्षा कमी नव्हतं का, हे पाहिलं जातं. तासिका तत्त्वाचं मानधन तिसऱ्या अटीत बहुधा अडकतं. नेट-सेट होण्याआधीची वर्षं पहिल्या अटीत जातात. त्यामुळे मुलाखतीसाठीच्या गुणांत हा अनुभव धरतील की नाही, हे जाहिरात देणाऱ्या संस्थेला अर्जाआधी लेखी विचारा.

कागद मात्र आजच जमवा : नेमणूक आदेश, निवड समितीच्या इतिवृत्ताची प्रत, विद्यापीठाचं मान्यतापत्र, मानधन जमा झाल्याचं बँक विवरण आणि अनुभव प्रमाणपत्र. प्रमाणपत्र सगळ्यात जास्त वेळा चुकतं. ‘2022-23मध्ये काम केले’ एवढंच लिहून देतात. त्यावर रुजू झाल्याची आणि कार्यमुक्तीची तारीख, विषय, आठवड्याच्या तासिका, नेमणूक पूर्णवेळ की तासिका, जावक क्रमांक आणि प्राचार्यांची सही हवी. प्राचार्य बदलले की जुनं दुरुस्त करून घेणं फार अवघड जातं.

प्रश्न : प्रबंध सहा महिन्यांत सादर होईल. परदेशी पोस्टडॉकची तयारी तोंडी परीक्षेनंतर सुरू करू का? (वाचक, पुणे)

नको, आत्ताच करा. 2022च्या नियमांप्रमाणे प्रबंध सादर झाल्यापासून तोंडी परीक्षेच्या निकालापर्यंत सहा महिन्यांत सगळं संपायला हवं. पण परीक्षकाचा अहवाल अडला की वेळ जातोच. हा काळ तुम्हाला आपल्याकडे संशोधनाला घेईल असा यजमान प्राध्यापक शोधण्यात घालवा. युरोपातल्या मारी क्युरी फेलोशिपसाठी अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत पीएच.डी. झालेली असावी लागते आणि ही तारीख साधारण सप्टेंबरात येते. ज्या देशात जायचं तिथे आधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपचाही विचार करा, अर्ज कधी घेतात ते त्यांच्या संकेतस्थळावर बघा.

यजमान प्राध्यापकाला पत्र लिहाल ते दोनशे शब्दांत संपवा : त्यांच्या कोणत्या निबंधावरून तुम्ही आलात, तुमच्या हातात कोणतं तंत्र आहे आणि तिथे नेमका कोणता प्रश्न सोडवणार. सोबत दोन पानी सीव्ही. पन्नास जणांना एकच मजकूर पाठवला तर तो ओळखू येतो आणि उत्तर येत नाही.

तोंडी परीक्षा झाली की त्याच आठवड्यात तात्पुरत्या प्रमाणपत्राचा अर्ज करा. पीएच.डी. यूजीसीच्या नियमांनुसार दिली आहे, असा उल्लेख त्यावर आहे ना, हे खिडकीवरून हलण्याआधी वाचून घ्या.