उचापत आली वाण्याच्या चोपडीतून

प्रश्न असा आहे : 'शेजारच्या काकू न विचारता माझ्यासाठी स्थळं बघतात. त्यांना भोचक म्हणावं की उचापतखोर? आणि "उचापत्या करणं" हा प्रयोग आला कुठून?'

आधी ते 'उचापत्या करणं' थांबवा. शब्द उचापत, स्त्रीलिंगी. हरकत-हरकती, सवलत-सवलती, तशी उचापत-उचापती. उचापत्या हा माणूस, लुडबुड्या किंवा कळलाव्यासारखा. 'पोराने काय उचापत्या केल्या!' हे या आठवड्यात तीनदा ऐकलं, त्यात एकदा बातम्यांत. कान किटले.

भोचक, चोंबडा, आगाऊ हे सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यात वेळ घालवत नाही. खरी गंमत उचापतीत आहे.

काही जण तिचं मूळ संस्कृत 'उत्पाता'त शोधतात. का, तर अर्थ जरा जवळचा वाटतो! अहो, ध्वनी बघायचे की नाही? मराठीत येताना 'त्प'चा 'प' होतो. उत्पद्यतेवरून उपजणे आलं. 'त'चा 'च' व्हायला 'त्य' लागतो, जसा नृत्याचा नाच. उत्पातात 'त्य' आहे कुठे? नुसत्या अर्थावरून सोयरीक जुळवणं हा आळस आहे, आणि तो व्युत्पत्ती म्हणून छापला जातो याचा मला राग येतो.

हिंदीत उचापत म्हणजे बनियाकडून उधारीवर आणलेला माल आणि त्याचा हिशेब. धागा इथे आहे. आपल्याकडेही ऊसतोड कामगार हंगामाआधी मुकादमाकडून आगाऊ पैसे घेतो, त्याला 'उचल'च म्हणतात. आज उचलायचं, फेडायचं नंतर.

मग उधारीची लुडबुड कशी झाली? माझा तर्क सांगतो. आमच्या गल्लीतल्या वाण्याकडे लाल कापडाची लांबट चोपडी असे. 'आईच्या नावावर मांडा' म्हटलं की साखर हातात. एकदा आमच्याकडे पाहुणे येणार असं कळल्यावर शेजारच्या गृहस्थांनी आम्हाला न विचारता आमच्या नावावर पाच किलो रवा मांडला आणि घरी आणून दिला. पाहुणे आलेच नाहीत. महिनाभर आम्ही उपमा खात होतो आणि पैसे आईने भरले. खातं एकाचं, उचलणारा दुसराच : अर्थ वळला तो याच जागी, असं मी ठामपणे मानतो. 'उठाठेव' बघा ना. तिथेही उचलणं आणि ठेवणंच आहे. आपल्या घरात केली तर ती नुसती आवराआवर. दुसऱ्याच्या घरात केली की मागे 'नसती' लागतं.

हां, काकू राहिल्या. 'यंदा कर्तव्य आहे का?' एवढंच विचारत असतील तर भोचक. तुमची पत्रिका परस्पर कुणाला धाडली असेल तर उचापतखोर, कारण ती त्यांनी तुमच्या नावावर मांडली.