2000 मिलिग्रॅमला एकही उंदीर मेला नाही, म्हणजे गुळवेलीचा अर्क सुरक्षित का?

तुमच्या आईच्या गुळवेलीच्या डबीवर छापलंय, ‘वजनाच्या किलोमागे 2000 मिलिग्रॅम देऊनही एकही उंदीर दगावला नाही’. म्हणून तुम्ही विचारताय, रोज घ्यायला हरकत नाही ना? मराठवाड्यातल्या एका फार्मसी कॉलेजात मी अशा चाचण्या केल्यात. एवढ्या वाक्यावर मी माझ्या आईला रोज गोळी दिली नसती.

हा डोस एकदाच देतात आणि पुढे 14 दिवस बघतात. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवलेल्या 423 क्रमांकाच्या चाचणी-पद्धतीत आधी तीन आणि मग पुन्हा तीन जनावरं, बहुधा माद्या. म्हणजे त्या वाक्यामागे सहाच रॅट, म्हणजे मोठ्या जातीचे उंदीर, असू शकतात. रात्रभर उपाशी ठेवायचं, पाणी मात्र ठेवायचं. सकाळी वजन करून, टोकाला गोल मणी असलेल्या सुईने अर्क तोंडावाटे थेट पोटात. मग पहिला अर्धा तास पिंजऱ्यापुढून हलायचं नाही, चार तास बारीक लक्ष.

शेपटीवर मार्करच्या दोन रेघा असलेली एक मादी अजून डोळ्यांपुढे आहे. डोस दिल्यावर अंगावरचे केस उभे, पाठीला कुबड, कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेली. तीन दिवसांत 182 ग्रॅमवरून 169 वर आली. नंतर सावरली. मेलेल्यांच्या रकान्यात शून्यच लिहिलं, पण तिचे ते तीन दिवस डबीवर कोण छापणार?

रोज घेण्याबद्दल बोलायचं तर 28 किंवा 90 दिवसांची चाचणी लागते. 28 दिवसांच्या चाचणीत एका गटात 5 नर, 5 माद्या. तीन गटांना वेगवेगळे डोस, चौथ्याला औषधाविना नुसतं पाणी, किंवा अर्क ज्यात कालवतात ते द्रव अर्काशिवाय. शेवटी रक्तातलं एएलटी, एएसटी (यकृताची इजा दाखवणारी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) बघायचं, यकृत-मूत्रपिंडाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे. यकृत बराच काळ गुपचूप सोसतं, वरून काही कळत नाही.

अशाच एका चाचणीत मे महिन्यात लाईट गेली आणि जनरेटरही चालला नाही. खोली 22 अंशांच्या आसपास हवी. बाहेर 42 होतं. औषध न दिलेल्या गटानेही खाणं सोडलं. आता उतरलेलं वजन अर्कामुळे की उन्हाळ्यामुळे, सांगणार कसं? सगळं रद्द करावं लागलं. 40 जीव कुणाच्याच उपयोगी न पडता गेले, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीकडे पुन्हा 40 मागताना माझा हात जड झाला होता.

त्याहून आधीची गोष्ट म्हणजे वनस्पतीची ओळख. बांधावरच्या लिंबावर चढलेली आपली गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यकृताला बाधू शकते. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, तेव्हा आयुष मंत्रालयाने ओळखीचाच मुद्दा काढला होता. डबीवर पूर्ण शास्त्रीय नाव आहे का, आधी ते बघा.

आणि हो, 2000 ला आईच्या वजनाने गुणू नका. रॅटचा डोस माणसासाठी काढताना साधारण 6.2 ने भागतात, आणि तोही नुसता अंदाज.

आईला मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना गुळवेलीचं आवर्जून सांगा, तिनेही रक्तातली साखर उतरते. एकदा एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करून घ्या. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अन्नावरची वासना गेली, तर त्याच दिवशी गोळी बंद करा आणि दवाखान्यात जाताना डबी सोबत न्या.