पोरीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचाय, चाळीस हजारात काय येईल?

प्रश्न: सर नमस्कार, माझ्या मुलीचा कॅप राउंडमध्ये पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला नंबर लागलाय. फी, होस्टेल सगळं धरून लॅपटॉपला ४२ हजाराच्या वर काही जमणार नाही. इथल्या दुकानात एक दाखवला, रायझन ५ ७५२०यू, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४१ हजार. दुकानदार म्हणतो रायझन ५ म्हणजे आय५ च्या तोडीचा, चार वर्षं बघायला नको. भाचा म्हणतो मावशी, कॉम्प्युटरवाल्यांना गेमिंग लॅपटॉपच लागतो, ६८ चा आहे, हप्त्यावर घेऊन टाक. मला यातलं काही कळत नाही, कुणाचं ऐकू? – एक आई, कराड

उत्तर: ताई, दोघांचंही ऐकू नका. आधी भाच्याचं बघू. पहिल्या वर्षाला सी आणि पायथन शिकवतात, ते कुठल्याही साध्या मशीनवर चालतं. पुढे मशीन लर्निंग आलं की ग्राफिक कार्ड लागतं हे खरं, पण त्यासाठी गूगल कोलॅब आहे, ब्राउझरमध्ये उघडतं आणि तिथलं ग्राफिक कार्ड फुकट वापरायला मिळतं, थोडी मर्यादा असते पण कॉलेजच्या कामाला पुरतं. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा, चार्जर वेगळा अर्धा किलोचा, बॅटरी दोन-तीन तासात बसते आणि लेक्चर हॉलमध्ये प्लग पॉइंट मिळणार भिंतीकडेच्या दोन पोरांना. पोरगी आठवडाभर नेईल आणि मग तो होस्टेलच्या टेबलावरच राहील. त्यासाठी २६ हजार जास्तीचे आणि वर व्याज, अजिबात नको.

आता दुकानदाराचा लॅपटॉप. यात तो खोटं बोलत नाहीये, त्यालाही बहुतेक माहीत नसेल. रायझन ५ हे प्रोसेसरचं, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूचं नाव. तेवढंच बघायचं नाही, पुढचा चार आकडी नंबर वाचायचा. ७००० च्या मालिकेत तिसरा आकडा प्रोसेसरच्या आतली रचना किती जुनी ते सांगतो. ७५२० मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, ही रचना २०१९ ची आहे आणि कोर, म्हणजे आत एकाच वेळी काम करणारे भाग, फक्त चार. तेच ७५३०यू असेल तर झेन ३ आणि कोर सहा. नावात फरक एका आकड्याचा, स्टिकर दोन्हीवर रायझन ५ चंच, आणि दुकानात शेजारी शेजारी ठेवले तर तुम्हाआम्हाला कळणारही नाही.

पण मला प्रोसेसरपेक्षा जास्त काळजी रॅमची, म्हणजे चालू काम ठेवायच्या जागेची वाटते. ७५२०यू वाल्या लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, म्हणजे ८ घेतली तर शेवटपर्यंत ८ च. हे मी घरात बघितलंय म्हणून एवढं सांगतोय. माझ्या भावाच्या मुलीला लॉकडाऊनमध्ये घाईघाईत असाच एक घेतला, ४ जीबी रॅम, दुकानदार म्हणाला नंतर वाढवता येते. दुसऱ्या वर्षाला मोबाइल ॲप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ टाकला तर प्रोजेक्ट उघडायलाच दहा-बारा मिनिटं, ती बटण दाबून चहा करायला जायची आणि परत आली तरी ते गोल फिरतच असायचं. रॅम टाकायला नेला, कारागिराने मागचं झाकण उघडलं आणि बोट ठेवून दाखवलं, म्हणाला स्लॉटच नाहीये हो, टाकू कुठे? पुढचं सगळं वर्ष पोरीने मैत्रीण झोपली की तिच्या लॅपटॉपवर काम केलं. घरच्यांना बोललीसुद्धा नाही, पैसे नुकतेच खर्च झालेत म्हणून.

तर दुकानात एवढं करा, मुलीलाच करायला सांगा. चालू लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायचं, टास्क मॅनेजर उघडतो, त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी. खाली स्लॉट्स यूज्ड आणि फॉर्म फॅक्टर अशा ओळी दिसतात. फॉर्म फॅक्टरपुढे ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर रॅम सोल्डर केलेली आहे. ‘एसओडिम’, म्हणजे काढता-घालता येणारी पट्टी असेल आणि स्लॉट दोनपैकी एकच वापरलेला असेल तर छान, पुढे ८ ची अजून एक पट्टी बसते. काही मॉडेलमध्ये अर्धी रॅम सोल्डर आणि एक स्लॉट असं दोन्ही असतं, म्हणून खात्रीसाठी पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

तुमच्या बजेटच्या आसपास शोधायचं ते इंटेलचं आय३-१२१५यू किंवा आय५-१२३५यू, नाहीतर रायझन ५ ५६२५यू किंवा ७५३०यू. आय३ ऐकून नाक मुरडू नका, १२१५यू ला सहा कोर आहेत आणि १६ जीबी रॅमवाला आय३ हा ८ जीबीत अडकलेल्या आय५ पेक्षा चारही वर्षं जास्त सुखाने चालेल असं माझं स्पष्ट मत आहे. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून चांगलेच चढलेत, त्यामुळे ‘नंतर टाकू’ म्हणण्याआधी १६ जीबीवालं मॉडेल किती जास्तीला पडतं ते आत्ताच विचारून घ्या.

स्क्रीन फुल एचडी आणि आयपीएस पॅनलची मागा. दुकानात झाकण मागेपुढे करून आणि बाजूने बघायचं, रंग उलटेपालटे किंवा धुवून काढल्यासारखे दिसले तर तो टीएन पॅनल, रात्री दोन दोन तास त्यात बघणं म्हणजे डोळ्यांना त्रास. ऑफिस बऱ्याच लॅपटॉपबरोबर फुकट येतं, वेगळे पैसे देऊ नका. आणि पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर हवा, तो नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की वॉरंटी कधी सुरू झाली ते दिसतं. जुना पडून राहिलेला माल असेल तर तिथेच समजतं. मुलगी पुण्यात राहणार म्हणजे सर्व्हिस सेंटर पुण्यात असलं की झालं, कराडात नाही म्हणून एखादी कंपनी सोडू नका.

प्रश्न: दादा, मी सोलापूरला बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला आहे, संध्याकाळी मेडिकलमध्ये काम करतो, २२ हजार साठवलेत. टॅली आणि एक्सेल शिकायचंय. नवीन सेलेरॉनवाला घेऊ का रिफर्बिश्ड थिंकपॅड टी४८०, आय५, १६ जीबी? घरचे म्हणतात सेकंडहँड नको.

उत्तर: भावा, टी४८० घे. त्या किमतीत जो नवीन सेलेरॉन एन४५०० (इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर) मिळतो त्याला दोनच कोर, टी४८० च्या आठव्या जनरेशनच्या आय५ ला चार. लेनोवोचं ऑफिसात वापरायचं मशीन आहे, कीबोर्ड मजबूत, आणि रॅम, एसएसडी, बॅटरी सगळं बदलता येतं.

पण घेताना डोळे उघडे ठेव. टी४७० आणि टी४८० दिसायला सारखेच, आणि टी४७० मध्ये सहावी-सातवी जनरेशन असते, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. विंडोज १० चा सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून आय५ च्या पुढचा आकडा ८ पासून सुरू होतोय का बघ, ८२५० किंवा ८३५० असं.

मग कमांड प्रॉम्प्ट उघड आणि पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट असं सलग टाइप कर (स्पेलिंग दुकानातल्या पोराला विचार, त्याला माहीत असतं). एक फाइल तयार होते. टी४८० ला दोन बॅटऱ्या, एक आत आणि एक मागून काढता येणारी, साधी मागची असेल तर दोन्ही २४ वॉट-आवरच्या आसपास. फाइलमध्ये डिझाइन कपॅसिटीपुढे २४ हजारांच्या जवळपास आकडा असेल आणि फुल चार्ज कपॅसिटीपुढे १०-१२ हजार, तर ती बॅटरी अर्धी गेलेली आहे, दुकानदाराकडून बदलून घे नाहीतर तेवढे पैसे कमी कर. शेवटी लॅपटॉप बंद करून चालू करताना एंटर आणि मग एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये जा. पासवर्ड मागितला तर तिथूनच परत फिर, जुन्या कंपनीचं लॉक तसंच राहिलेलं असतं आणि ते काढणं आपल्या हातात नसतं.

टॅलीप्राइम एज्युकेशन मोडमध्ये फुकट मिळतं, फक्त महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी करता येतात, शिकायला तेवढं पुष्कळ आहे. घरच्यांना म्हणावं किमान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी देणाऱ्याकडूनच घेतोय, आणि खरंच तशाकडूनच घे.

प्रश्न: मेकॅनिकल डिप्लोमाला आहे. मामा अमेरिकेतून त्याचा वापरलेला मॅकबुक पाठवतो म्हणतोय. घेऊ ना?

उत्तर: मेकॅनिकलला सॉलिडवर्क्स किंवा कॅटिया अशी डिझाइनची सॉफ्टवेअरं बहुतेक लागतातच, आणि ही दोन्ही मॅकवर चालत नाहीत. ऑटोकॅड मॅकसाठी आहे, पण तेवढ्यावर डिप्लोमा निघत नाही. मामांना फोन करून मोकळेपणाने सांग, तिकडे त्यांच्या ऑफिसातून जुने विंडोजवाले लॅपटॉप निघत असतील तर त्यातला एक पाठवा म्हणावं. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असलं की इथे चालतो, फक्त आपल्याकडची पिन लागते.